बुडबुड्यांचं पाणी

विंदार्तीने वाळूखडकाचा तोच तुकडा तिसऱ्यांदा यंत्रात बसवला. झाकण आवळताना मनगट ठणकलं. जावा बेटावरच्या चेपू गावातल्या या प्रयोगशाळेत दगडांतून आवाज पाठवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. खाऱ्या पाण्याने भरलेल्या दगडातून आवाज झरझर पार होई. पाण्यात किंचित वायू सोडला की त्याचा वेग धाडकन उतरे. मग मात्र कितीही वायू कोंबा, फारसा फरक पडत नसे.

सगळी अडचण तिथेच होती. समुद्रतळाखालच्या ज्या थरात आवाज मंदावत होता, त्यात वायू ठासून भरलेला असेल, नाहीतर नुसतं बुडबुड्यांचं पाणी.

दुपारी तिचे साहेब, हार्दोनो, आले. तिथल्या रीतीने ते तिला 'बू', म्हणजे बाई, म्हणत आणि ती त्यांना 'पाक', म्हणजे साहेब. "जकार्ताहून सारखे फोन येतायत, बू. वायू आहे म्हणून लिहून टाका की!"

"आहेच, पाक. पण किती, ते आवाजावरून कळत नाही. त्या थरातून वीज कशी वाहते तेही मोजायला हवं; खारं पाणी ती वाहून नेतं, वायू नेत नाही."

"त्यात हंगाम जाईल. खोदकामाची रिग काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"मग मी दोन्ही शक्यता लिहिते."

"लिहा बाई, लिहा," म्हणत त्यांनी तिच्या डब्यातली तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, वडी उचलली.

तिचा नवरा सुगिआर्तो त्याच रिगवर कामाला होता; सुट्टी संपवून तो पुन्हा निघणार होता. वायू लागला तर त्याची पुढची वर्षंही समुद्रावरच जाणार. नाही लागला तर काम संपवून घरी. यातलं आपल्याला काय हवंय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आपली इच्छा आकड्यांत शिरू नये म्हणून तर हा तिसरा प्रयोग. आकडे तसूभर हलले नाहीत.

विहीर खोदली गेली. बुडबुड्यांचं पाणी लागलं.

हार्दोनोंचा फोन आला. "तुम्हाला कुणी बोल लावत नाहीये, बू. तुमचा अहवाल कुणी उघडलाच नव्हता."

"बरं," ती म्हणाली. रागवायचंही त्राण नव्हतं.

त्याच आठवड्यात सुगिआर्तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला. उन्हाने रापलेला, खांदे पडलेले. तिने पेचल, शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या उकडलेल्या भाज्या, वाढलं.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"अर्धंच."

"अर्धं तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर गेला नसतास?"

त्याने पुढचा घास घेतला. "गेलो असतो."

जेवता जेवताच त्याला डुलकी लागली. विंदार्तीने त्याच्या हातातली ताटली अलगद काढून घेतली, आणि उरलेलं पेचल तिथेच बसून संपवलं.