बँडवाल्यांचा बिनबँडचा मोर्चा

गावातल्या झाडून सगळ्या संघटनांच्या मोर्चात वाजवून झाल्यावर बँडवाल्यांना वाटलं, आपलाही एक मोर्चा असावा. मागणी एकच: आठवड्याला एक सुट्टी. ती मिळेपर्यंत वाजवणं बंद.

बँडचे मालक पोट धरून हसले. "तुम्ही आणि संप? वाजवल्याशिवाय तुम्हाला घास उतरत नाही! संध्याकाळी सहाच्या आत ज्याच्या हातून वाद्याचा पहिला आवाज निघेल तो हरला. मी हरलो तर सुट्टी दिली, जा!"

संघटनेचा अध्यक्ष क्लॅरिनेटवाला. त्यानं ते तिथल्या तिथे लिहून मालकांची सही घेतली. मग सगळ्यांनी एकदम ड्रमवाल्या काकांकडे पाहिलं.

काका फितूर होणारे नव्हते, पण त्यांचे हात त्यांच्या ऐकण्यातले नव्हते. दवाखान्यात तपासताना ते टेबलावर ठेका धरत आणि आपण नेमके कशाचे ठोके मोजतोय हे डॉक्टरांना कळत नसे.

म्हणून मोर्चात काकांचा एक हात काकूंच्या हातात आणि दुसरा काकूंच्या पिशवीत होता.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तुमची नियत चांगली आहे हो, हातांचा भरवसा नाही."

मोर्चा निघाला आणि भलतंच झालं. जन्मभर ड्रमच्या ठोक्यावर चाललेली माणसं. ठोका नाही म्हटल्यावर कोणाचं पाऊल कुठे पडेना. ट्रॉम्बोनवाला झेंडेवाल्याला धडकला, झेंडेवाला अध्यक्षाला. घोषणा पुढच्यांची संपायची तेव्हा मागच्यांची सुरू व्हायची. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. काकाही हसत होते, पण खांद्यापासून बोटांपर्यंत हात भरून आले होते. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, संप म्हणजे आराम. काही न करणं हे इतकं अंगमेहनतीचं काम असतं हे त्यांना आज कळत होतं.

सहाला दहा मिनिटं असताना मोर्चा मालकांच्या दुकानासमोर आला. फुटपाथवर खुर्ची टाकून मालक बसले होते. शेजारी काकांचाच मोठा ड्रम, नवं चामडं चढवलेला, वर वाजवायची काठी आडवी ठेवलेली.

मोर्चा थिजला. पिशवीतला हात कधी बाहेर आला ते काकूंनाही कळलं नाही.

"अहो!" काकू ओरडल्या.

काका ड्रमपाशी गेले. वाकले. हात पाठीमागे बांधून त्यांनी चामड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"मालक, चामडं सैल बसलंय."

"सैल?" मालक उसळले. ते स्वतः वीस वर्षं ड्रम वाजवून मालक झालेले. "मी स्वतः ताणलंय!"

"असेल. पण आवाज बसका येणार."

"बसका? हा बसका?" म्हणत मालकांनी काठी उचलली आणि असा काही टोला ठेवून दिला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

धाऽड!

अध्यक्षानं खिशातून सहीचा कागद काढला. मालकांनी हातातल्या काठीकडे पाहिलं.

"नाही हो, चांगलं ताणलंय," काका मनापासून म्हणाले. "माझीच चूक."

मग जो गदारोळ झाला! टोप्या उडाल्या, ट्रॉम्बोनवाल्यानं काकांना उचललं, काकूंनी अध्यक्षाला मिठी मारली आणि लगेच सोडली.

सुट्टी कोणत्या वारी घ्यायची यावर मात्र तिथेच दोन तट पडले. तंटा मिटावा म्हणून मालकांनी सोमवार सुचवला. मालकांनी सुचवला एवढ्याच कारणासाठी तो एकमतानं फेटाळला गेला.