पाचटाचा आडोसा

शालूने टेबलाची लोखंडी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

"सैल सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सोडलंय की."

"नाही सोडलं. तुम्हाला वाटतंय सोडलंय."

हिरव्या पडद्यापलीकडे, बाकावर, तिच्या सासूबाई धोंडुबाई बसल्या होत्या. बसल्या म्हणजे नेहमीसारख्याच, एका अंगावर सगळा भार टाकून, कधीही उठून चालू पडतील अशा. पाटलाची लेक आहे, बसते तीसुद्धा ऐटीत, असं गावात त्यांच्याबद्दल म्हणायचे.

बांगलादेशची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. शिराळ्याच्या अलीकडे, वारणेकाठच्या गावातून दोघी पहाटेच्या एस.टी.ने सांगलीला आल्या होत्या. शालूचं दुखणं जुनं होतं. ओटीपोटाच्या खाली, जांघेत, माकडहाडापाशी, ओली कातडी वादी उन्हात वाळत जावी आणि आतल्या आत आवळत जावी, तसं. लेक मंदी झाली त्या बाळंतपणानंतर ते फारच वाढलं. जात्यावर बसवेना, आणि बसलं तर उठवेना. अंगारा झाला, काढे झाले, तालुक्याच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. शेवटी ते डॉक्टर कंटाळून म्हणाले, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." शालूला अजून तिशी लागायची होती आणि पदरात एकटी मंदी.

नवरा लालासाहेब पलटणीत. रजेवर आला, की तिचं कण्हणं ऐकून पहिल्याच दिवशी आपली बाज बाहेर सोप्यात नेऊन टाकायचा. भांडायचा नाही, एका शब्दाने बोलायचा नाही. तेच तिला जास्त लागायचं.

पिशवीचं ऐकल्यावर धोंडुबाई चुलीपुढून उठल्या होत्या आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "कापायचंच असंल तर सांगलीला दाखवून मग कापू. घाई कुनाला हाय?"

डॉक्टर विनोदिनीबाईंनी हातमोजे काढले, हात धुतले आणि स्टूल ओढून शालूच्या उशाशी बसल्या.

"गाठ नाही. सूज नाही. पिशवी अगदी चांगली आहे."

शालूचा चेहरा उतरला. आता या बाईसुद्धा म्हणणार, सगळं मनाचं आहे. तिने पदर सारखा केला.

"पण दुखतंय ते खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझा हात लागला तेव्हा मलाही कळलं. आत सगळं दगडासारखं झालंय."

शालूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"मूठ आवळा. घट्ट. अजून घट्ट. आता अशीच धरून ठेवा." थोडा वेळ गेला. "दुखायला लागली ना? ही मूठ तुम्ही वर्षानुवर्षं अशी धरली तर? मग उघड म्हटलं तरी उघडायची नाही. बाळाला झोळी बांधतो ना आपण, तशी ओटीपोटाच्या तळाशी मांसाची एक झोळी असते. तुमची ती अशी आवळलेली आहे." मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "दिवसा लघवीला जाता का?"

शालूची नजर पडद्याकडे गेली.

लग्न होऊन आली त्या आठवड्यातच हे तिला सांगण्यात आलं होतं. गुऱ्हाळ सुरू होतं, घरामागच्या परड्यात गडीमाणसांची ये-जा होती. टमरेल घेऊन निघालेल्या नव्या सुनेला धोंडुबाईंनी उंबऱ्यातच अडवलं होतं. उजेडात बाईमाणूस टमरेल घेऊन दिसायचं न्हाई. त्यानंतर ती कधी दिसली नाही.

"सांगा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथं कुणी ओरडणार नाही."

"न्हाई जात ती."

आवाज पडद्यापलीकडून आला होता. डॉक्टरीणबाईंनी उठून पडदा बाजूला केला. धोंडुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"पहाटं जाती आन् दिवेलागणीनंतर जाती. मदी न्हाई. पानीबी बेतानंच पितो आमी." मग कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाल्या, "ही रीत मीच घालून दिली तिला. मला माज्या सासूनं घातली हुती."

डॉक्टरीणबाई रागावतील असं शालूला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी धोंडुबाईंनाच आत बोलावलं आणि सगळं त्यांना समजावून सांगितलं: घमेल्यात सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन रोज त्यात बसवायचं. दुपारी गुडघे मुडपून उताणं निजायचं, पोटावर हात ठेवायचा, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि सोडताना खाली सगळं मूठ उघडल्यासारखं सैल सोडायचं. पाणी पोटभर प्यायचं. आणि लागली, की जायचं.

"लगेच गुण नाही यायचा. महिने लागतील, मधे पुन्हा दुखेलही. पण पिशवीला हात लावायचं काही कारण नाही."

"आन् गोळी?" धोंडुबाईंनी विचारलं.

"गोळी नाही."

"बिनगोळीचं औषध," धोंडुबाई उठता उठता पुटपुटल्या. "सांगलीला येऊन श्वास घ्यायला शिकलो म्हनं."

डॉक्टरीणबाई हसल्या. शालूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर त्यांनी तिला अर्ध्यावरच उचललं.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी धोंडुबाई बराच वेळ दांडीला धरून उभ्याच होत्या. गाडी इस्लामपूरच्या स्टँडवर थांबली. चहाच्या टपरीपुढे माणसांची दाटी होती, त्यात गावातलेही दोघे-तिघे होते. धोंडुबाईंनी शालूचा दंड धरला.

"उतर."

"कुटं?"

"बायकांच्या मुतारीकडं. चल."

"आवं आत्याबाई, समद्यांच्या देखत? गावची मानसं हायत तितं."

"असू देत. त्येंच्या आया काय आबाळात मुतायला जातात व्हय?"

आणि डोईवरचा पदर नीट करून, गावच्या माणसांच्या पुढून, भर दुपारच्या उन्हात धोंडुबाई सुनेला घेऊन निघाल्या. त्या पुढे आणि शालू मागे. कंडक्टरने घंटी वाजवली तशा त्या वळूनही न बघता ओरडल्या, "थांब रं जरा! गाडी काय विमान हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यामागे, केळीच्या आड, चार मेढी रोवून घेतल्या. स्वतः उसाचं पाचट आणून त्याचे कूड बांधायला बसल्या. शालू सुंभ पुरवत होती. धोंडुबाईंचा चुलतदीर नानासो वाटेवरून जाताना थांबला.

"काय बांधतायसा वैनी? कोंबड्यांला खुराडं?"

"देवघर," धोंडुबाई म्हणाल्या. "लांबनंच नमस्कार कर आन् फुडं चल."

शालूला हसू आवरेना. हसताना पोटात कळ आली, तरी ती हसतच राहिली. त्या घरात पुढे पाचटाच्या जागी पत्रा आला, नंतर विटा आल्या, फरशी आली. पण पोराबाळांपर्यंत सगळे त्या जागेला देवघरच म्हणत राहिले, आणि आलेल्या पाहुण्यांची पंचाईत होत राहिली.

गुण सावकाश आला. पहिल्या काही आठवड्यांत तर दुपारी वाकळेवर निजून शालूला रडूच यायचं. खाली सैल सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं तेच सापडायचं नाही. ती मूठ आवळायची आणि उघडायची, आवळायची आणि उघडायची. शेजारची हरणाबाई एकदा विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली.

"सून भर दुपारची निजून मुठी आवळतीया! धोंडुबाई, तुमी काय बगतायसा?"

"बगतीया की. बरी हुतीया ती," धोंडुबाई म्हणाल्या. "विस्तव घे आन् दार ओढून घे."

मग एका दुपारी, श्वास सोडता सोडता, आत कुठेतरी काहीतरी सुटलं. बैलाच्या मानेवरचं जू उतरावं तसं. क्षणभरच, पण सुटलं. शालू तशीच पडून आढ्याकडे बघत राहिली. पुन्हा करून पाहिलं, तर पुन्हा सुटलं. त्या दिवशी तिने सांगलीच्या दिशेला हात जोडले.

पावसाळ्याच्या तोंडी ती जात्यावर बसू लागली. शिराळ्याच्या नागपंचमीला लालासाहेब रजेवर आला. पहिल्या संध्याकाळी तो सवयीने बाज उचलायला गेला, तर शालू भाकरी थापता थापता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तितंच." त्या रजेत सोपा रिकामाच राहिला. मंदीने तिथे आपल्या बाहुल्या मांडल्या.

रजा संपवून तो परत गेला, त्यानंतरची गोष्ट. शालू मळ्यात भांगलणीला गेली होती. खुरप्याची मूठ निखळली म्हणून दुपारीच घरी परतली. घर सामसूम होतं. मंदी सोप्यात झोपली होती. माजघराचं दार लोटलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं.

शालूने फटीतून पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

तिच्याच वाकळेवर धोंडुबाई उताण्या निजल्या होत्या. गुडघे मुडपलेले, डोळे मिटलेले. एक हात पोटावर होता. दुसरा हात बाजूला, आणि त्या हाताची सुरकुतलेली मूठ आवळत होती आणि अगदी हळू, एकेक बोट करून, उघडत होती. श्वास मध्येच अडखळत होता. त्यांना अजून सापडलं नव्हतं.

शालूला बाकावर एका अंगावर बसलेल्या धोंडुबाई आठवल्या. एस.टी.त दांडीला धरून उभ्या राहिलेल्या. लग्नाच्या पंगतीतही मांडी न घालणाऱ्या, आणि सगळ्या गावाने ज्याला ऐट म्हटलं ते सगळं.

तिने दार आवाज न करता ओढून घेतलं. परड्यात जाऊन चूल पेटवली आणि मोठं पातेलं चढवलं. घमेलं घासून दारामागे उभं केलं.

बऱ्याच वेळाने धोंडुबाई बाहेर आल्या. पदर सावरलेला, चेहरा रोजच्यासारखाच कडक. पातेल्याकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"एवडं पानी कशाला गं? तुला तर आता लागत न्हाई."

शालूने जाळ पुढे सारला.

"असू दे आत्याबाई," ती म्हणाली. "आदी तुमी बसा. मी नंतर घेती."

धोंडुबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी दारामागचं घमेलं उचललं.