काशिनाथ सरांचा फक्कीचा गाडा

मी एक जुना गाडा आहे, मित्रांनो. भाजीचा नाही, उसाच्या रसाचाही नाही. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचा गाडा. चार चाकं, मधे रंगाची टाकी, खाली तोटी आणि मागे धरायला दांडा, एवढाच माझा संसार. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लोअर हट नावाचं गाव आहे, तिथल्या एका कॉलेजच्या शेडमध्ये मी उभा असतो. कॉलेज म्हटल्यावर मिशा फुटलेली मुलं डोळ्यांसमोर आणू नका. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. मी मराठी कसा बोलतो तेही सांगेन, पण क्रमाने. मला वाकडं चाललेलं खपत नाही, मग ती रेघ असो की गोष्ट.

मी आलो २०११ साली. त्याच वर्षी इथे मुलींची फुटबॉल टीम सुरू झाली. विज्ञान शिकवणाऱ्या मिस कॅम्पबेल यांनी ती अक्षरशः दारोदार फिरून जमवली होती. पहिली रेघ त्यांनीच मारली, आणि ती अशी नागमोडी गेली की मला शरमेनं तोंड लपवावंसं वाटलं. पण पोरी खूश होत्या. पहिल्या सामन्यात आमच्यावर नऊ गोल झाले, तरी घरी जाताना गात होत्या.

पुढची वर्षं सुखाची गेली. दर शनिवारी सकाळी दवानं ओलं झालेलं गवत, त्यावर माझी ताजी रेघ, कडेला आईबाप हातात कॉफी घेऊन उभे. २०१४ साली टीमनं जिल्ह्याचा कप आणला. तेव्हा वीस मुली होत्या आणि खेळायला मिळावं म्हणून भांडणं व्हायची. त्या दिवशी काढलेला फोटो कॉलेजच्या हॉलमध्ये लावला आहे. त्यात माझं एक चाक आलं आहे. सगळा मी आलो असतो तर काय बिघडलं असतं, पण असो.

मग हळूहळू दिवस पालटले. गावात प्लास्टिकच्या गवताचं मैदान झालं. त्यावर रेघा जन्मतःच काढलेल्या असतात म्हणे. चांगल्या खेळणाऱ्या मुली क्लबांकडे आणि मोठ्या कॉलेजांकडे निघून गेल्या. आमच्याकडे चौदा उरल्या. शेडमधलं गवत कापायचं यंत्र मला म्हणायचं, तुझी आता सद्दी संपली. त्याला नाकानं कांदे सोलायची सवयच आहे. तरी मला ते लागायचं, खोटं कशाला बोलू.

२०१७ च्या मे महिन्यात काशिनाथ सर आले आणि माझा दुसरा जन्म झाला. पुण्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं ते पी.टी.चे सर होते. खो-खो आणि कबड्डीची मैदानं आखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा मुलगा प्रमोद इथे इंजिनियर आहे. तेव्हापासून दर वर्षी सहा महिने ते त्याच्याकडे राहायला यायचे. नात इरावती त्याच वर्षी टीममध्ये आली. तिचा पहिला सामना बघायला आले, तेव्हा सरांनी नातीकडे पाहायच्या आधी रेघेकडे पाहिलं. म्हणाले, "अरेरे, ही काय फक्की मारलीय? म्हैस मुतल्यासारखी."

पुढच्या शुक्रवारी ते दोरीचं बंडल आणि खुंट्या घेऊन हजर. मिस कॅम्पबेलनी त्यांना शेडची किल्लीच देऊन टाकली. पहिली रेघ मारण्याआधी त्यांनी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावलं आणि गोलच्या खांबाशी नारळ फोडला. मुली आधी बावचळल्या, मग खोबऱ्यावर तुटून पडल्या. पुढच्या वर्षी नारळाशिवाय मैदानात उतरायलाच तयार होईनात. सर दोरी ताणायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि मला म्हणायचे, "चल रे गाड्या, श्वास धरून चल." कामभर बोलत राहायचे. घरात मुलगा आणि सून कामावर, नातीला मराठी समजायची पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची. मग मन मोकळं करायला राहिलो मी. त्यांच्याकडूनच मी ही भाषा शिकलो.

आता दुःखाचा भाग सांगतो. २०१९ च्या जुलैत पाऊस आला म्हणून मिस कॅम्पबेल आणि खेळ विभागाचे प्रमुख शेडमध्ये आडोशाला उभे राहिले. प्रमुख म्हणाले, पुढच्या वर्षी टीम नाही. धड अकरा मुली जमत नाहीत, कशी चालवायची? मोसम संपेपर्यंत मुलींना सांगू नका, आणि आता नवा रंगही मागवू नका. मिस कॅम्पबेल बराच वेळ माझ्या दांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी सरांनी रंगाचा डबा उघडला तर तळ दिसत होता. नवा आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. सर थेट बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि चुन्याची पिशवी खांद्यावर घालून आले. चौतीस वर्षं त्यांनी चुन्याची फक्कीच मारली होती. कोरड्या मातीवर कधी कुणाला काही झालं नव्हतं. त्यांनी चुना पाण्यात कालवून माझ्या टाकीत ओतला. म्हणाले, "बघ, कशी दुधासारखी रेघ येते." आली हो, फार सुंदर आली.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी मेरे नावाची आमची गोलकीपर चेंडू अडवायला त्या ओल्या रेघेवर गुडघे टेकून घसरली. पाचच मिनिटांत तिचे गुडघे भाजल्यासारखे लाल झाले आणि फोड आले. ओला चुना कातडी जाळतो. पंचांनी सामना थांबवला आणि तो दुसऱ्या टीमला दिला. मला तसंच चुन्यासकट कोपऱ्यात ढकललं गेलं. मेरे आठवड्याभरात बरी झाली. सर तिच्या घरी रव्याचे लाडू घेऊन गेले, तर तिनं चार लाडू खाल्ले आणि "स्वीट ॲज, कोरो" म्हणून त्यांना मिठी मारली. स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, आणि कोरो म्हणजे माओरी भाषेत आजोबा. हे सरांनीच मला येऊन सांगितलं. तेव्हा ते थोडे हसलेही होते.

पण दोन आठवड्यांनी मोसम संपला आणि कॉलेजनं पत्र काढलं. 'अनेक कारणांमुळे' मुलींची फुटबॉल टीम बंद करण्यात येत आहे, एवढंच त्यात लिहिलं होतं. कुठली कारणं, ते ज्यानं त्यानं आपापल्या मनात भरून घेतलं. मित्रांनो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

त्या संध्याकाळी सर शेडमध्ये दोरी गुंडाळत होते. इरावती बूट ठेवायला आली. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "यू डिड धिस, आजोबा."

सरांनी दोरी पूर्ण गुंडाळली, खुंट्या मोजून पिशवीत भरल्या आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गाड्या, पोरीची टीम बुडवली रे मी." मला सगळं ठाऊक होतं. त्यांनी चुना आणला तो रंग नव्हता म्हणून, आणि रंग नव्हता तो टीम आधीच बंद करायचं ठरलं होतं म्हणून. पण गाड्याला कुठलं तोंड? ते परत शेडकडे फिरकले नाहीत. ऑक्टोबरमध्ये ते पुण्याला गेले.

नोव्हेंबरात शेड रिकामी करायला मिस कॅम्पबेल आणि इरावती आल्या. रंगाचा रिकामा डबा उचलताना मिस कॅम्पबेल सहज म्हणाल्या, "जुलैतच ठरलं होतं, म्हणून नवा डबा आलाच नाही." इरावतीनं त्यांना तीनदा विचारलं, जुलैत? नक्की जुलैत? चुन्याच्या आधी? मिस कॅम्पबेल म्हणाल्या, "हो. मला वाटलं, एव्हाना तुम्हाला कळलं असेल."

इरावती जमिनीवरच बसली. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळ. तिनं फोन लावला. पडद्यावर सर दिसले. वाळले होते. आणि मग त्या मुलीनं, जिच्या तोंडून मी तीन वर्षांत 'आजोबा'खेरीज मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, अडखळत सांगितलं, "आजोबा, टीम तुमच्यामुळे नाही गेली. आधीच ठरलं होतं. मी तुम्हाला वाईट बोलले. माझं चुकलं."

सर चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "गाडा दाखव बघू." तिनं फोन माझ्याकडे वळवला. "अगं, तोटीत चुना दगड होऊन बसलाय त्याच्या. कोमट पाणी आण. आणि एक पिन."

तासभर ती मला धूत होती आणि ते तिकडून सांगत होते, हळू, उजवीकडे, अजून थोडं. शेवटी तोटीतून स्वच्छ पाणी आलं, तेव्हा माझा जीव मोकळा झाला. टीम गेली ती गेलीच. मला आता कोण नेणार, की भंगारात जाणार, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर वापरून झाल्यावर त्याला धुऊन ठेवा, एवढी विनंती आहे. आणि रागाच्या भरात कुणाला दोष देण्याआधी एकदा चौकशी करा. मी मुका म्हणून गप्प बसलो, पण या पोरीनं तोच प्रश्न मिस कॅम्पबेलना दोन महिने आधी विचारला असता, तर ते म्हातारे गृहस्थ विमानात मान खाली घालून चढले नसते.