पंचायतीच्या शाईच्या पॅडची कैफियत

मित्रांनो, माझं झाकण उघडायचं तर जरा जोर लावावा लागेल, गंज धरलाय. मी शाईचा पॅड आहे, जुना, चिंचदरा ग्रामपंचायतीचा. पत्र्याची डबी, आत जाड गादी, वर पातळ कापड आणि त्यात मुरलेली जांभळी शाई, एवढाच माझा संसार. नगरच्या एका दुकानातून मला आणलं ते पंचायतीच्या गोल शिक्क्याबरोबर, एकाच पुडक्यात. शिक्का स्वतःला फार मोठा समजे. माझ्यावाचून त्याला कागदावर काही उमटवता येत नव्हतं, पण ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

चिंचदऱ्याचा कारभार पूर्वी चावडीवर पाटील म्हणतील तसा चाले. मग पंचायत आली, निवडणुका आल्या आणि एका तोंडाच्या जागी नऊ तोंडं झाली. मी आलो ते १९७० साल. तेव्हा सरपंच काकासाहेब धरून त्यांचे चार मेंबर होते, त्यांच्या विरोधातल्या रंगनाथच्या पार्टीचे चार, आणि नवव्या भागूबाई, बायकांसाठी राखलेल्या जागेवरच्या. भागूबाईंचं नाव काकासाहेबांनीच पुढे केलं होतं. बाई लिहिता-वाचता न येणारी, घर ओढ्यापलीकडच्या माळवस्तीवर, गावापासून दीड मैल. ती कशाला मीटिंगला येतेय? बाई घरी आणि मत आपल्या खिशात, असा साधा बेत होता.

बेत चांगला तीन वर्षं चालला. मीटिंग झाली की शिपाई सहादेव ठरावाची वही काखेत मारायचा, मला खिशात टाकायचा आणि माळवस्तीची वाट धरायचा. मित्रांनो, कचेरीत माझी धाव टेबलापासून वहीपर्यंत, त्यामुळे ही फेरी मला आवडायची. भागूबाई हात धुऊन, पदराला पुसून समोर बसायच्या. अंगठा माझ्यावर हलकेच टेकवायचा, मग वहीवर दाबायचा, आणि तो नीट उमटला की त्यांना बरं वाटायचं. सहादेवला गुळाचा चहा मिळायचा. काय ठरलं हे त्यांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

पण सहादेवचे पाय दुखायला लागले. १९७२च्या दिवाळीत त्यानं एक युक्ती काढली. वहीची पुढची चार कोरी पानं उलटली आणि म्हणाला, "काकू, चारी पानांवर आत्ताच द्या अंगठा. माझी सारखी खेप वाचंल."

"दिते की," भागूबाई म्हणाल्या. "उन्हातान्हाचा कशाला तंगडतोड करतोस?"

त्यांना ती माया वाटली. खरं सांगतो, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. शाई देणं माझं काम, कागद कोरा की भरलेला हे बघणं माझं नाही, असंच मी तेव्हा मानत होतो.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. संक्रांतीपर्यंत गावचे आड तळाला गेले. माळवस्तीच्या बायका ओढ्याच्या वाळूत हातभर झरा उकरून वाटी वाटी पाणी घागरीत भरायच्या. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. अशात बातमी आली की बोअर पाडायचं मशीन येणार, पण गावाला एकच बोअर मिळणार आणि जागा पंचायतीनं ठरवायची. झऱ्यावरच्या बायका भागूबाईंना म्हणाल्या, "तुमी मेंबर हाय न्हवं? मंग सांगा की आपल्या वस्तीचं."

सहादेव मीटिंगची नोटीस दाखवायला आला तेव्हा भागूबाईंनी त्याला तेच सांगितलं. तो मान खाली घालून बसला.

"काकू, उद्या ठराव हाय. बोअर काकासाहेबांच्या मळ्याच्या कडंला. तुमी कशाला येता उगं? तुमचा अंगठा हाय आधीच."

"कवा दिला म्या?"

"दिवाळीत."

भागूबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी चहाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या चालत कचेरीत आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. सतरंजीवर त्यांची अशी जागाच नव्हती, तेव्हा दाराजवळच्या टोकाला बसल्या. ग्रामसेवक मार्तंडराव, कागदाचे पक्के, त्यांनी वहीत पाहिलं आणि म्हणाले, "भागूबाई, आपली हजेरी झालेली आहे. आपण निश्चिंत मनानं घरी जा."

"भाऊसाहेब, मी तर आत्ता आले."

"पण अंगठा आपलाच आहे ना?"

"माजाच हाय. पन तो दिवाळीतला. दिवाळीला ह्या मशीनचं नावबी न्हवतं. मंग त्यानं कशाला हो म्हनलं, ते त्यालाच इचारा."

रंगनाथच्या बाजूला हशा पिकला. काकासाहेब मात्र गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, मळा काय परक्याचा हाय? तिथनं भरा की पानी."

"तुमच्या बांधावरनं घागर न्यायची तर रोज कुनाची तरी परवानगी मागायची. आमच्या पोरीबाळींनी दारात उभं ऱ्हायाचं. न्हाई जमायचं. बोअर वस्तीवर पाडा. मी मळ्याला न्हाई म्हनते."

मार्तंडरावांनी काकासाहेबांकडे पाहिलं. पण मेंबर समोर बसून नाही म्हणत असताना जुना अंगठा कागदावर टिकला नसता. मार्तंडरावांनी दिवाळीतल्या अंगठ्यावर आडवी रेघ मारली आणि मला भागूबाईंपुढे सरकवलं. भागूबाईंनी माझ्यावर अंगठा दाबला. इतका जोर दिला की माझी गादी खचली, ती आजही तिथं खोल आहे. वस्तीच्या बाजूनं पाच झाले, मळ्याच्या बाजूनं चार. रंगनाथला वस्तीची कणव होती म्हणून त्याचे चार इकडे आले असं समजू नका. काकासाहेब पूर्व म्हणाले की तो पश्चिम म्हणायचाच.

वस्तीवर एकशेचाळीस फुटांवर पाणी लागलं. भागूबाईंना मात्र पुढच्या निवडणुकीत कुणी उभं केलं नाही, ना ह्यांनी ना त्यांनी. मलाही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि नवा पॅड आला. माझी शाई वाळली. ह्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

पण बोअरचं पुढं काय झालं ते मला सहादेवकडूनच कळलं. बोअर पडलं त्याच साली मे महिन्यात मळ्याची विहीरही आटली आणि काकासाहेबांच्या मंडळी, पुष्पावतीबाई, डोक्यावर पदर घट्ट ओढून घागर घेऊन माळवस्तीच्या पंपावर आल्या. भागूबाई पंप हापसत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, नुसतं म्हणाल्या, "या जाऊबाई. सखूच्या मागं नंबर लावा. हितं कुनाला इचारावं लागत न्हाई."

मित्रांनो, मला पुसा, माझ्यात शाई घाला, असं काही मी मागत नाही. माझं झालं आता. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या वहीत तुमचं नाव लागेल, आणि कुणीतरी मायेनं म्हणेल, "तुम्ही कशाला येता उन्हाचं, इथंच सही करा." त्या दिवशी चपला घाला आणि स्वतः जा.