हिला विचारा

सुताराला 'दुरुस्त होणार नाही' असं सांगून बघा, तो ऐकून घेत नाही. मी तर मुळीच घेत नाही. लोकांनी फेकायला काढलेल्या खुर्च्या, कपाटं, डगमगणारे पलंग परत उभे करण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या हृदयाची झडप दाखवली आणि म्हणाले, "ही नीट मिटत नाहीये, रक्त मागे गळतंय," तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"दुरुस्त होईल ना?"

"बहुतेक होईल. आमचा पहिला प्रयत्न तोच असतो."

"मग झालं तर! करून टाका."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी कागद पुढे ओढून चित्र काढून सांगायला घेतलं. पायाच्या शिरेतून नळी घालून झडपेला चिमटा लावतात, पण ते ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी. फासळ्यांमधून छोटंसं भोक पाडूनही करता येतं, पण माझी झडप जरा जास्तच बिघडलेली, तेव्हा छाती उघडलेली बरी. आणि दुरुस्ती नाहीच जमली, तर झडप बदलायची. त्यातही दोन प्रकार. एक प्राण्याच्या हृदयाच्या पडद्यापासून केलेली. ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, मग पुन्हा ऑपरेशन. दुसरी धातूची, ती झिजत नाही, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर...

इथे माझं लक्ष उडालं. दुरुस्तीला हात घालायच्या आधीच बदलायची भाषा कशाला? माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी असं बोलतो का?

"डॉक्टर, तुम्ही दुरुस्तीचं बघा. बाकीचं हिला विचारा," मी म्हटलं आणि बायकोकडे बोट दाखवलं.

"अहो, ऐकून तर घ्या," ती म्हणाली.

"तू ऐक ना. तुला सवय आहे."

मी हसलो, डॉक्टरही थोडेसे हसले. ही हसली नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा खोदून विचारलं, दुरुस्ती जमली नाही तर निर्णय बायको घेईल ना? मी म्हटलं, घेईल की. आणि सही ठोकून मोकळा झालो.

जाग आली तेव्हा घशात नळी, हाताला नळ्या, पोटाशी नळ्या. छातीवरून कुणीतरी भरलेला ट्रक नेल्यासारखं वाटत होतं. नळी काढल्यावर पहिला शब्द तोंडातून आला तो "पाणी", आणि सिस्टरने ओल्या कापसाने नुसते ओठ पुसले. त्या बाईवर इतका राग आला म्हणून सांगू!

पुढचे दिवस त्या सिस्टरच्या हाताखाली काढले. एका प्लॅस्टिकच्या खेळण्यातून श्वास ओढून आतले गोळे वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसं उघडतात. खोकला आला की उशी छातीशी गच्च आवळायची. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. झोपायचं पाठीवरच. छातीचं हाड तारेने बांधलंय, ते जुळायला तीन महिने लागतील, तोवर जड काही उचलायचं नाही. हे एक मला पटकन कळलं. सांध्याला सरस लावून शिकंज्यात आवळला की तो सुकेपर्यंत हात लावायचा नसतो.

मधेच एकदा सूप गार आलं म्हणून मला रडू कोसळलं. मला! वडील गेले तेव्हाही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, त्या मला!

"होतं असं बऱ्याच जणांना," सिस्टर म्हणाली. "काही आठवडे रडू येईल, चिडचिड होईल, तोंडाला चव नसेल. घाबरू नका. फारच वाटलं तर सांगा."

"चिडचिड तर यांची आधीपासूनच आहे," ही म्हणाली.

मग मला वेगळ्या खोलीत हलवलं. आधीच्या ठिकाणी यंत्रांचा नुसता गलका असायचा, इथे एकदम शांत. दुपारची वेळ, ही बाजूला बसून सफरचंद सोलत होती, सिस्टर माझा ताप बघत होती. आणि कुठेतरी टिक, टिक, टिक. भिकार घड्याळ कुठलं!

"सिस्टर, ते घड्याळ जरा बाहेर नेता का? डोकं उठलंय."

"कुठलं घड्याळ?"

"अहो, बहिऱ्या आहात का? टिकटिक करतंय ते!"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. हिच्या हातातली सुरी थांबली.

"काका, इथे घड्याळ नाहीये," सिस्टर हळूच म्हणाली. "ती तुमची झडप वाजतेय."

चारी भिंती बघितल्या, खरंच घड्याळ नव्हतं. तोंड मिटलं, आवाज बारीक झाला. तोंड उघडलं, मोठा झाला. श्वास रोखून बघितला, तरी ती थांबेना. बरं, थांबून तरी कसं चाललं असतं! माझ्या छातीत कुणीतरी परकं येऊन बसलं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

सिस्टर चटकन बाहेर गेली.

"दुरुस्ती झाली ना माझी?" मी हिला विचारलं.

"नाही जमली."

"मग?"

"बदलली."

"कुठली घातली?"

"धातूची."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायला गेलो तर छातीतून अशी कळ आली की जीव जातो की काय. उशी छातीशी धरून भांडणारा नवरा कधी पाहिलाय? तो मी.

"तुला अक्कल आहे का? मी सुतार आहे, सुतार! एक आठवडा असा जात नाही की माझं बोट कापत नाही. पटाशी लागते, करवत लागते, चिंधी गुंडाळतो आणि पुढे काम करतो. आता रक्त थांबेल का? तू माझे हातच तोडलेस!"

तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीला आले, आणि मी त्यांच्यावरही घसरलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर, एकही दिवस चुकवायची नाही, नाहीतर झडपेवर गुठळी होईल. ठरल्या वेळी रक्त तपासायचं. अंगदुखीला मनाने गोळ्या खायच्या नाहीत. तीन महिन्यांनी काम सुरू करा, पण जपून. बारीक जखम दाबून धरली तर उशिरा का होईना, थांबेल.

"आणि विजेवरची गोल करवत?" मी विचारलं.

"ती सोडलेली बरी."

"दुसऱ्या झडपेला ही गोळी जन्मभर लागली नसती ना?"

"बहुधा नसती लागली. पण पुढे कधीतरी परत ऑपरेशन करावं लागलं असतं."

"चाललं असतं मला!"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हिला विचारा," डॉक्टर म्हणाले. "आम्ही विचारलं."

ते गेले आणि मी भिंतीकडे तोंड केलं. कुशीवर झोपायची बंदी होती, म्हणून नुसती मान वळवली.

घरी आलो तरी मी अबोला सोडला नाही. ताई भेटायला आली, माझी थोरली बहीण. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, निदान मला एक फोन तरी करायचास!" हिला म्हणाली. मला मनातून बरं वाटलं, खोटं का बोला. निदान कुणीतरी माझ्या बाजूने होतं.

हात वर होत नव्हते, म्हणून आंघोळ हीच घालायची. मी न्हाणीघरात स्टुलावर बसायचो, ती मागून पाठीवर कोमट पाणी ओतायची. त्या फरश्यांच्या खोलीत टिकटिक आणखी घुमायची. एक दिवस मला सहन होईना.

"का केलंस असं?" मी विचारलं. "एवढं तरी सांग."

तिचा हात माझ्या पाठीवरच थांबला.

"तुम्ही आत होतात," ती म्हणाली. "मी बाहेर बाकावर. दार उघडलं आणि एक डॉक्टर थेट माझ्याकडे चालत आला. तोंडाला मास्क. मला वाटलं, संपलं, गेलात तुम्ही. तो जवळ येऊन मास्क खाली ओढेपर्यंत मी विधवा होते. ताईंना कसं सांगायचं, ते शब्दसुद्धा मनात जुळवून झाले होते. मग तो म्हणाला, दुरुस्ती टिकत नाहीये, लवकर सांगा, कुठली झडप घालू."

"मग?"

"मी एवढंच विचारलं, कुठली घातली तर मला इथे परत बसावं लागणार नाही?"

तिने एक तांब्या पाणी माझ्या पाठीवर ओतलं.

"तुमचे हात, तुमची करवत, त्यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. तुमचा विचार केलाच नाही मी. माझा केला. ताईंना काय वाटायचं ते वाटू दे. परत विचारलं तर परत तेच सांगेन."

"आणि उद्या कापलं, रक्त थांबलं नाही म्हणजे?"

"फडकं दाबून धरीन आणि दवाखान्यात घेऊन जाईन. रक्त वाहिलेलं मला बघवेल हो. ते बंद दार नाही बघवणार."

तिचा आवाज फाटला होता. मला मागे वळता येत नव्हतं, तिचं तोंड दिसत नव्हतं. ऑपरेशनला नेताना भीती वाटली नव्हती, ती मला आता वाटली. मी मेलो तर हिचं कसं होईल, हा विचार मी केला नव्हता असं नाही. दुकान विकलं तर किती येतील, घर कुणाच्या नावावर आहे, इथवर केला होता. हिला मी नुसता हवा असेन, काम करणारा असो की बसून खाणारा, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. आणि ही बाई माझ्या मागे उभी राहून तेच सांगत होती, रागाने.

तिने नाक ओढलं, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तांब्या उचलून निघाली.

"पाठ राहिलीय," मी म्हटलं.

"दोनदा चोळली की!"

"राहिलीय म्हणतो ना. परत चोळ."

ती दारात जराशी थांबली. मग टॉवेल काढून खुंटीला अडकवला आणि परत पाणी घेतलं.