हातभर सळई

"पाहणी यांची आणि चिखल माझ्या गाडीत," ड्रायव्हर पुटपुटला. पुटपुटणं असं, की नेमकं मागच्या सीटपर्यंत पोचावं.

"ऐकू आलं हं."

"तुम्हाला नाही ताई, बुटांना बोललो."

सरकारी पाहणीला आलेल्या मोजणीबाई उतरल्या. खाणीचा परवाना आणखी दहा वर्षांसाठी वाढवायचा होता. खड्डा बघून झाला, लावलेली झाडं मोजून झाली; राहिला होता मातीचा ढीग. खाण उघडताना शेतांवरची सुपीक माती खरवडून वेगळी ठेवायची, कोळसा संपला की खड्डा बुजवून ती वर पसरायची आणि जमीन ज्याची त्याला परत करायची, असा करार होता. ढिगावर गवत होतं. पुढे पाटी: 'जतन केलेली माती'. माती कशीही असो, पाटीला दरवर्षी नवा रंग मिळायचा.

तपासायची रीत ठरलेली. पोकळ सळई हातभर खुपसायची, वर येईल ती माती पिशवीत भरायची. फॉर्मवर हातभरच लिहिलं होतं. मागच्या दोन्ही पाहण्यांत काळी, भुसभुशीत माती वर आली आणि बाईंनी 'आहे'वर खूण केली. त्याखाली काय, हे फॉर्मने विचारलं नाही. बाईंनीही नाही.

"ताई, पुढूनच घ्या. मागे घसरडं आहे," मॅनेजर म्हणाला. मोठा मायाळू माणूस. दरवेळी बाईंच्या पायांची काळजी करायचा.

पिशवीची चिठ्ठी वाऱ्याने उडाली, तिच्यामागे बाई ढिगाला वळसा घालून गेल्या. तिथे पावसाने ढिगाची कूस फाडली होती. वर हातभर काळी माती, दुधावर साय असावी तशी. खाली पार तळापर्यंत दगडांचा चुरा.

मॅनेजर मागोमाग आला. दोघांनीही पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला. बाईंनी चिठ्ठी उचलली, झटकली.

"चहा घेऊन जा ना."

"नको. आई जेवायची थांबलीय."

घरी मोजणीबाईंची नुसती 'बाळे' व्हायची.

"बाळे, ड्रायव्हर जेवला का?"

"डबा आहे त्याचा."

"आणि तुझी छत्री?"

आई सगळं विचारायची. शेताचं तेवढं कधी विचारत नसे. शेत खाणीत गेलं, बदल्यात बाबांना खाणीवरच डंपर चालवायची नोकरी लागली. बाबा असेतोवर येता-जाता एसटी त्या ढिगापाशी आली, की ते तोंड फिरवून बसायचे. शेताच्या आठवणीने जीव तुटत असेल, असं बाईंना वाटायचं. आता बाबा नव्हते. करारावर आईचं नाव लागलं होतं.

बाईंनी भातावर मीठ घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं. जेवण खारट झालं होतं आणि त्या जेवत होत्या. वाईट वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. कुणा दुसऱ्याचा निरोप कळावा तसं.

हात धुऊन त्यांनी फॉर्म टेबलावर घेतला. जतन केलेली माती: आहे, नाही. 'नाही' लिहिलं, की परवाना अडणार आणि मागच्या दोन सह्यांचा जाब त्यांनाच द्यावा लागणार. 'आहे' लिहिलं, की आणखी दहा वर्षं कुणी विचारणार नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

"शाई वाळेल," आई म्हणाली.

"मागच्या दोन्ही वेळी 'आहे' लिहिलंय मी."

"माहितीय."

"तू कधी विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

आईने ताटं एकात एक ठेवली. उष्टं एका कडेला सारलं. बाबांच्या रिकाम्या खुर्चीची पाठ पदराने पुसली, तिच्यावर काही नव्हतं तरी. मग ती त्याच खुर्चीत बसली आणि फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला.

"माती नाहीये तिथे," आई म्हणाली. "पहिला ढीग रस्त्यात येतोय म्हणाले साहेब, आणि तुझ्या बाबांनीच सगळी ओतली खड्ड्यात. शेवटची खेप आपल्या शेताची होती."