गच्चीवरच्या टिटव्या आणि मोठे साहेब

सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, तोंडात उरलेल्या सात दातांची शपथ! ज्याला खोटं वाटतंय त्याने आत्ताच उठावं. अर्ध्यातून उठणारी माणसं मला आवडत नाहीत.

एकतीस वर्षं मी धुलाई कारखान्यात घडीवर होते. दवाखान्यांच्या चादरी यायच्या, दिवसाला दोन हजार. धुऊन पिळून झाल्या की इस्त्रीच्या रोलरमध्ये जायच्या. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढं जाड, तापलेलं लोखंडी लाटणं समजा. एका बाजूने ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. सरकवायला माझी सून, झेलून घडी घालायला मी. बायका हसायच्या, "सासू-सुनेच्या मधे तापलेलं लोखंड!" मी म्हणायचे, "घरी तर तेवढाही आडोसा नाही."

आमच्याकडे एक नियम होता. धुतलेली चादर जमिनीला टेकता कामा नये. टेकली की परत धुवा, वर मुकादमाच्या शिव्या खा. एकदा माझ्या पायावरून उंदीर चढला तो थेट खांद्यावर येऊन बसला. मी चौघडी पुरी केली, चादर गठ्ठ्यावर ठेवली आणि मग किंचाळले. उंदीरसुद्धा वाट बघून कंटाळला होता.

या मुकादमाने एक बोका पाळला होता. वासराएवढा. हसताय काय, लहान वासरू म्हणतेय मी! बोका खुर्चीत बसायचा आणि मुकादम शेजारी उभा राहून त्याच्याशी बोलायचा. म्हणून बोका आमचे मोठे साहेब आणि मुकादम छोटे साहेब.

तर रोलरच्या तोंडाशी एक जाळी असते, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. जाळी असली की चादर जरा सावकाश जाते. छोट्या साहेबांना ते सावकाश खपेना. त्यांनी जाळी काढली आणि कपाटात टाकली. आठवडा झाला नाही तोच सुनेचा उजवा हात आत गेला. बंद करायचं लाल बटण माझ्या बाजूला होतं, मी दाबलं. हात राहिला, पण मनगटापर्यंत भाजून निघाला.

मग मुकादमाने एक कागद तयार केला. 'जाळी जागेवर होती, बाईने निष्काळजीपणाने हात घातला.' खाली साक्षीदार म्हणून मी. माझी सही झाली की चूक सुनेची, उपचार तिचे तिने बघायचे आणि कामावरून नाव कमी. मंगळवारी अकराला सरकारी तपासणीच्या बाई येणार होत्या.

त्या सकाळी सून डाव्या हाताने वेणी घालायला बघत होती. एक पेड धरला की दुसरा सुटायचा. शेवटी म्हणाली, "आई, घालता का?"

मी घालायला लागले.

"आई, जाळीचं सांगाल ना त्यांना?"

"सांगेन की."

"नक्की?"

"मी कधी खोटं बोलते का गं?"

ती खुदकन हसली. अपघातानंतर पहिल्यांदा. आणि मी वेणी इतकी करकचून आवळली की ती ओरडली.

कारखान्यात गेले तर मुकादमाने खुर्ची पुढे केली. "या मावशी, बसा. चहा घेणार?"

एकतीस वर्षांत या माणसाने मला पाणी विचारलं नव्हतं.

"इथे सही करा."

"चष्मा विसरले."

"डोक्यावर आहे तुमच्या."

"जाळी तर तुम्हीच काढलीत ना," मी म्हटलं.

त्याने दार लोटलं. "जाळीचं बोलायचं तर बटणाचंही बोलावं लागेल, मावशी. ती ओरडली तेव्हा तुम्ही आधी काय केलंत? मी काचेतून बघत होतो."

मी डोक्यावरचा चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

"हातात चादर होती. ती दुमडलीत. टेबलावर नीट ठेवलीत. मग बटण. सूनबाईंना माहीत आहे का हे?"

माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. दोन-तीन सेकंदं असतील, पण तापलेल्या लोखंडात दोन-तीन सेकंदं म्हणजे काय ते तिच्या हाताला विचारा.

"सुकवायचं मशीन बंद आहे," तो म्हणाला. "ओल्या चादरी गच्चीवर घालून या. तोवर करा विचार."

गेले. बादली घेऊन, मान खाली घालून गेले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण हात बादलीत गुंतलेले.

गच्चीवर बारीक खडी पसरलेली आहे. तिच्या एका कोपऱ्यात टिटवीच्या जोडीने अंडी घातली होती आणि नुकतीच तीन पिल्लं निघाली होती. खडीच्याच रंगाची, काडीसारखे पाय. आम्ही बायकांनी तिकडच्या दोऱ्या मोकळ्या सोडल्या होत्या आणि गच्चीचं दार कायम ओढून घ्यायचो. त्या दिवशी मी ते उघडं टाकलं. डोक्यात कागद होता.

पहिली चादर उचलली आणि टिटवी ओरडली. कानात खिळा ठोकावा तशी. वळून बघते तर मोठे साहेब पोट खडीला घासत कोपऱ्याकडे निघालेले.

पिल्लं जागच्या जागी चपटी झाली. ओरडा ऐकला की हलायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. मादी बोक्यासमोर येऊन पंख मोडल्यासारखी फरफटत निघाली, मला धर, मला धर. पण हा मुकादमाच्या हाताखाली शिकलेला बोका, नाटकाला कसला फसतोय! त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तेव्हा नर वरून दगडासारखा आला आणि त्याच्या टाळक्यावर आदळला. बोक्याने पंजा मारला, पिसं उडाली. नर वर गेला आणि परत आला. मग मादीनेही नाटक सोडलं आणि तीही आली. एक वरून, एक समोरून. अहो, जीव तो केवढा! एका पंज्याचं काम. पण परत, परत, परत! मादीने तर बोक्याच्या कानाचा तुकडा चोचीत घेऊन नेला.

पाण्याच्या टाकीवर चार कावळे रांगेने बसले होते, तमाशा बघत. आणि पाचवी मी. हातात चादर, छातीशी धरलेली, टोक खाली लागू नये म्हणून वर उचललेली.

उचललेली! त्या वेळीसुद्धा!

ते लक्षात आलं आणि अंगाचा असा भडका उडाला की सांगता सोय नाही. बोक्याचा राग, मुकादमाचा राग, आणि माझ्या या दोन हातांचा तर इतका राग की ते तोडून टाकावेत. "मेल्या!" म्हणून मी ओरडले आणि ती ओली चादर, चांगली पाच शेर वजनाची, फेकली त्याच्यावर. एकतीस वर्षांत जमिनीवर टाकलेली माझी पहिली चादर.

बोका खाली सापडला. पण पिल्लंही त्याच चादरीखाली. चादर उकळल्यासारखी हलली, बोका पलीकडून निसटला आणि शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगवून जिन्यावरून पसार झाला. मी धावत जाऊन चादर उचलली. तेवढ्यात मादी माझ्याच डोक्यावर आदळली, अंबाडा सुटला. "अगं बाई, मी तुझ्या बाजूची आहे!" तिला काय त्याचं? परत मारलं. मग एक पिल्लू उठलं, दुसरं उठलं, तिसरं उठलं आणि तुरुतुरु आईकडे पळाली.

तशीच खाली उतरले. केस मोकळे, कपाळावर रक्त. तपासणीच्या बाई येऊन बसल्या होत्या. मुकादम म्हणाला, "हे काय मावशी! बरं, सही तेवढी..."

"आधी माझं लिहून घ्या," मी बाईंना म्हटलं. "जाळी याने काढली. त्या कपाटात आहे, बोक्याच्या खाण्याच्या डब्यांमागे. आणि दुसरं लिहा. बटण माझ्या हाताशी होतं. सून ओरडली तेव्हा मी आधी चादर ठेवली, मग बटण दाबलं."

"बघा!" मुकादम उठला. "म्हणजे चूक यांच्या घरातलीच..."

"तू खाली बस!" एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. बसला की हो!

बाईंनी पेन थांबवलं. "चादर का ठेवलीत आधी?"

"खाली पडली असती म्हणून. याने आम्हाला तेवढंच शिकवलंय. बाईचा हात गेला तरी चालेल, चादर खाली पडता कामा नये. आणि मीही मेली शिकले!"

बाई उठल्या आणि त्यांनी स्वतः कपाट उघडलं. त्या दिवशी रोलरला सील लागलं. मुकादमाचा कागद बाईंच्या पिशवीत गेला, माझी सही न होता. सुनेचा हात कारखान्याच्या खर्चाने बरा होतोय, बोटं अजून पुरती मिटत नाहीत.

घरी जाऊन सुनेला गच्चीवरचं सांगितलं, बटणाचंही सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलू नयेच. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, ती पिल्लं वाचली का हो?"

"वाचली," मी म्हटलं. "तिन्ही."

तेवढं खोटं. दोनच उठली. तिसरं बोक्याच्या पंज्याने गेलं की माझ्या चादरीच्या वजनाने, कोण जाणे. टिटवी मात्र मलाच मारत होती. बाकी सगळं खरं आहे, बोकासुद्धा वासराएवढाच होता.